तुम्हाला गाण्याला पहिल्यांदा कोण घेऊन गेलं?

पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला बाबांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी सातवीत होतो. नव्वदीची सुरुवात, डिसेंबरची थंडी, रमणबागेचं मैदान. आईने दोन ब्लँकेटं, कानटोपी आणि चहाचा थर्मास दिला होता आणि बाबांना दहा वेळा बजावलं होतं की पोराला झोप आली तर सरळ घरी घेऊन या. तेव्हा शेवटच्या रात्रीचं गाणं सकाळपर्यंत चालायचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, रात्रभर जागायला मिळणार याचंच अप्रूप, आणि बारा-साडेबाराला मी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपलो.

जाग आली ती त्या मांडीमुळे. बाबा मांडीवर ताल धरत होते आणि माझं डोकं त्याच मांडीवर, त्यामुळे गालाखाली बारीक बारीक हलत होतं आणि मधूनच एक जोराचा धक्का बसायचा. परत बारीक, परत धक्का. थोड्या वेळाने लक्षात आलं की धक्का बसला की आजूबाजूचे लोकही 'आहा' करतात. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, काय असते हे मला आधी गालाला कळलं, कानाला नंतर. डोळे उघडले तर मांडवाच्या कडेने उजाडत होतं आणि लांब स्टेजवर पंडित भीमसेन जोशी गात होते. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली त्यांनीच हा महोत्सव सुरू केला आणि सांगताही तेच करायचे. त्यांचं गाणं झाल्यावर सवाई गंधर्वांची जुनी, खरखरणारी रेकॉर्ड लावली, भैरवीतली. हजारो माणसं नुसती बसून होती. बाबांनी हळूच माझ्या डोक्यावरची कानटोपी काढली. का काढली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण रात्रभराची मैफल गेली ती गेलीच. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण ललत, भटियार हे पहाटेचे राग त्यांच्या वेळेला, समोर बसून, उजाडताना ऐकणं आता फार दुर्मिळ झालंय आणि माझ्या मुलाच्या वाट्याला ते आलंच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर विचारायचं हे होतं की तुम्हाला पहिल्यांदा कोण घेऊन गेलं? शास्त्रीयच पाहिजे असं अजिबात नाही. भजन, ऑर्केस्ट्रा, तमाशा, रॉक, भीमगीतं, काहीही. जे डोक्यात बसलंय ते लिहा, मोठं झालं तरी चालेल.

*

माझं वय आता ७८. आमच्या वेळी कुणी घेऊन जायचा प्रश्नच नव्हता, मुलींना तर नाहीच. पण गाणं घरी आलं. आमच्या घरी नाही, समोरच्या वाड्यात.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांनी लिहायचं, बाबूजींनी (सुधीर फडक्यांनी) चाल लावायची, आठवड्याला एक नवं गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५२ ची ५६ गाणी झाली. मी आठ वर्षांची. समोरच्या वाड्यात एकच रेडिओ, त्याच्यावर क्रोशाचं झाकण, आणि गाण्याच्या दिवशी त्या काकू झाकण काढून रेडिओला हार घालायच्या. अहो खरंच घालायच्या. आम्ही पोरं जिन्यात बसायचो, मोठ्या बायका आत, पुरुष अंगणात उभे.

माझ्या आईचं काम असं की तिने माझ्या हातात वही-पेन्सिल दिली आणि म्हणाली, तू लिहून घे, मला आतून दिसत नाही. तिला लिहिता येत होतं पण हात कणकेचे असायचे. मी भराभर लिहायची, अर्धे शब्द सुटायचे, तिथे रेघ मारून ठेवायची. गाणं पुन्हा लागलं की रेघांवर शब्द भरायचे. संस्कृतासारखे शब्द मी ऐकू येतील तसे लिहीत होते, आई नंतर दुरुस्त करायची. त्या वर्षात माझं शुद्धलेखन सुधारलं ते शाळेमुळे नाही, ह्याच्यामुळे.

वही अजून आहे. शेवटची चार पानं उंदराने खाल्ली, बाकी शाबूत.

*

काकू, वहीचं वाचून अंगावर काटा आला. जपून ठेवा.

सकाळच्या रागांबद्दल: मला सकाळचं गाणं मिळालं ते मुंबईत, ३ फेब्रुवारीला. तबल्याचे उस्ताद अल्लारखाँसाहेब २००० साली याच तारखेला गेले आणि झाकीरभाई (झाकीर हुसेन) दरवर्षी त्या दिवशी षण्मुखानंदला वडिलांची बरसी करायचे, पहाटेपासून रात्रीपर्यंत सत्रं. पहिलं सत्र सकाळी साडेसहाला सुरू. मला माझ्या बॉसने नेलं, खरं सांगतो, ऑफिसमध्ये अतिशय कडक माणूस. मला म्हणाले, उद्या पाच वाजता किंग्ज सर्कल स्टेशनबाहेर ये, कशाला ते विचारू नकोस. अंधारात रांग लागलेली, रांगेत तबला शिकणारी शाळकरी पोरं, आजी-आजोबा, कॉलेजवाले. आत गेल्यावर बॉस बूट काढून मांडी घालून खुर्चीत बसले आणि पुढचे तीन तास ते मला वेगळेच कुणीतरी वाटले.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी सगळ्यात आधी त्यांना फोन केला. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झालीत. दोघंही फारसं बोललो नाही.

*

माझा अनुभव एकदम दुसऱ्या टोकाचा आहे पण कोण घेऊन गेलं याचं उत्तर सेम, बाबा!

आयर्न मेडन हा मेटल बँड, १ फेब्रुवारी २००८, बीकेसीचं एमएमआरडीए ग्राउंड. त्यांच्या वर्ल्ड टूरचा पहिलाच शो मुंबईत होता आणि त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन हा ट्रेन्ड पायलट, बँडचं विमान स्वतः उडवत आला होता. मी अकरावीत, कल्याणला राहायचो, महिनाभर घरात भांडण. आईचं म्हणणं एकटा जायचं नाही, आणि मित्र कुणालाच तिकीट परवडत नव्हतं. शेवटी बाबा म्हणाले मी जातो बरोबर. आमचे बाबा म्हणजे भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. दर एकादशीला भजन, आषाढीला जमेल तेवढी वारी, गळ्यात माळ. पांढरा शर्ट इस्त्री करून आले होते आणि सगळीकडे काळ्या टीशर्टचा समुद्र.

मला फार टेन्शन आलं होतं की आता हे काय म्हणतील. पहिली दोन गाणी ते नुसते बघत उभे होते, रुमाल घडी करून कानाशी धरलेला. मग बघतो तर रुमाल खिशात आणि उजव्या हाताची बोटं पँटवर चालू. त्यांची सगळी नजर ड्रमरवर, निको मॅकब्रेनवर. पुढचे दोन तास त्यांनी दुसऱ्या कुणाकडे बघितलंच नाही, मागून त्यांचा तो भलामोठा एडी, बँडचा राक्षसी पुतळा, स्टेजवर आला, पब्लिक वेडं झालं, तरी बाबांचं लक्ष ड्रमवर. मध्येच माझ्या कानाशी ओरडून विचारलं, खालचा ढोल किती पायांनी वाजवतो हा? मी म्हटलं एकाच. कारण निको डबल पेडल वापरत नाही, एका पायाने तेवढं काढतो, मेटलवाल्यांना हे माहीत आहे. बाबांनी मान हलवली.

परत येताना शेवटची लोकल, दोघांचे कान बधिर. ठाणे गेल्यावर म्हणाले, "हात साफ आहे त्याचा." बस्स. पण त्यांच्याकडून हे ऐकायला मंडळातली माणसं वर्षानुवर्षं वाजवतात. मला तर कधीच म्हणाले नव्हते.

त्या आषाढीपासून मी भजनात टाळ धरायला बसतो. कुणी सांगितलं नव्हतं. रूपाचे अभंग संपून गजर चढायला लागला की मला आजही ग्राउंडवरची ती गर्दी आठवते, माझ्यासाठी ते एकाच जातीचं आहे.

*

"हात साफ आहे त्याचा" हे मी बाबांना वाचून दाखवलं, खूप वेळ मान डोलवत होते. लिहीत राहा मंडळी.

*

मी मिरजेचा. आमच्याकडे गाण्याला कुणी नेत नाही, गाणं करणाऱ्यांची वाद्यंच आमच्याकडे येतात. आमचं घर तंतुवाद्याच्या कामातलं, आजोबा, चुलते, मी.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात ते आधी निवडायचे. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. पोरगं म्हणून मला आधी तेच काम दिलं होतं, टिचकी मार आणि सांग कुठला चांगला. मी दोन वर्षं चुकीचंच सांगत होतो. आजोबा रागवायचे नाहीत, परत दोन्ही वाजवून दाखवायचे.

पण सगळ्यात मोठं काम जवारीचं. तानपुऱ्याची तार घोडीवरून जाते ती घोडीला नुसती टेकून चालत नाही, घोडीचा वरचा भाग इतका बारीक उतार देऊन घासायचा की तार कंप पावताना त्याला जाता जाता शिवली पाहिजे. मग तारेखाली सुती दोरा घालायचा आणि तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी आवाज बंद, ठोकल्यासारखा. तिथून जरा सरकवला की एकदम उघडतो, एका तारेतून चार-पाच स्वर बाहेर पडल्यासारखं होतं आणि खोली भरते. ती जागा डोळ्याला दिसत नाही. आजोबा डोळे मिटून दोरा ओढायचे आणि जागा सापडली की त्यांचा श्वास थांबायचा, त्यावरून मला कळायचं.

पहिलं प्रत्यक्ष गाणं ऐकलं ते मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, दफन इथेच दर्ग्यात. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य, म्हणजे तुमच्या रमणबागेतल्या त्या पहाटेची मुळं आमच्या दर्ग्यात आहेत. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, मोठमोठे कलाकार हजेरी म्हणून गातात. आजोबा मला मांडीवर घेऊन बसले होते आणि ते गाणाऱ्याकडे बघतच नव्हते, मागच्या तानपुऱ्याकडे बघत होते. मध्येच पुटपुटले, पंचम उतरलाय. आणि लगेच मागे बसलेल्या मुलाने मणी सरकवून पंचम लावला. आजोबा माझ्याकडे बघून हसले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. चांगलंच झालं. पण आता पेटीतला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाईलमधलं ॲप, त्यामुळे जवारी शिकायला बसणारी पोरं कमी. मला तीन भाचे आहेत, एकाचे कान चांगले आहेत. त्याला सध्या टिचकी मारायला बसवलाय.

*

लावणीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या घरात तमाशा हा शब्द बायकांसमोर काढायची पद्धत नव्हती. पुरुष यात्रेत बघून यायचे आणि दुसऱ्या दिवशी चहाला हलक्या आवाजात बोलायचे. माझ्या सासूबाई नारायणगावजवळच्या. पाडव्याच्या आसपास तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात, हे सगळं त्यांनी लहानपणापासून लांबून पाहिलेलं. विठाबाईंच्या तमाशाची ढोलकी वाजायला लागली की शेतातल्या वस्तीवर आवाज यायचा, तेवढंच. हलगी शेकोटीवर धरून तापवतात, कातडं ताणून आवाज चढतो, त्यांना ते आवाजावरून कळायचं, "आता हलगी तापली, आता गण सुरू होईल."

२००४-०५ ची गोष्ट असेल, नाट्यगृहात फक्त महिलांसाठी लावणीचा कार्यक्रम लागला. जाहिरात बघून मी गंमत म्हणून बोलले, जायचं का आई? तर म्हणाल्या, हो. सत्तरीच्या होत्या. घरी हळदीकुंकवाला जातो असं सांगितलं. आत गेलो तर सगळं थिएटर बायकांनी भरलेलं, नोकरीवाल्या, भाजीवाल्या, शिक्षिका, काही लेकींना घेऊन आलेल्या. पहिल्या ढोलकीला माझ्या सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. दुसऱ्या लावणीला मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. आणि तिसऱ्याला दोन बोटं तोंडात घालून ह्यांनी अशी काही शिट्टी मारली की स्टेजवरच्या बाईने थांबून आमच्या दिशेने मुजरा केला.

मी विचारलं आई हे कुठे शिकलात? म्हणाल्या, गुरं वळताना. पन्नास वर्षं मारली नव्हती.

त्या गेल्या तेव्हा लोक काय काय आठवणी सांगत होते, त्यांचा स्वयंपाक, त्यांची शिस्त. ही माझ्याकडेच राहिली होती, आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय.

*

👏👏 शिट्टी! रडवलंत.

*

आमच्याकडे संगीत म्हणजे १४ एप्रिल. नाशिक जिल्ह्यातलं आमचं गाव, वस्तीत समाजमंदिरापुढे ट्रॅक्टरची ट्रॉली लावली की स्टेज तयार. दोन बल्ब, एक पेटी, एक ढोलकी, एक माईक तो पण मध्येच जायचा. रात्री जेवणं झाली की घोंगड्या घेऊन सगळे बाहेर. वर्गणीच्या चिठ्ठ्या यायच्या, "अमक्याकडून अकरा रुपये, गायकाला सप्रेम," आणि ती नावं पण पेटीच्या सुरात वाचायचे.

वडील मला खांद्यावर बसवून भीमगीतं लिहिणाऱ्या-गाणाऱ्या वामनदादा कर्डकांना ऐकायला घेऊन गेले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दादा मूळचे सिन्नरजवळच्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म, म्हणजे तेव्हा सत्तरी ओलांडलेली. बारीक अंग, साधे कपडे. वडील म्हणाले नीट बघून ठेव, मोठा झाल्यावर सांगशील. मी बघून ठेवलं. पण खरं जे डोक्यात बसलंय ते आईचं. आई शाळेत गेलेली नाही. ती खाली बायकांमध्ये बसली होती, धाकटी बहीण मांडीवर, आणि तिचे ओठ हलत होते, प्रत्येक शब्द, एकही शब्द न चुकता. मला वरून दिसत होतं. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की तिला एवढं पाठ आहे.

महाडचं चवदार तळं, १९२७, हे मला इतिहासाच्या पुस्तकात भेटायच्या आधी गाण्यात भेटलं. वर्गात सर शिकवायला लागले तेव्हा मला पुढची ओळ माहीत होती. आज मी स्वतः शिक्षक आहे आणि हा धडा आला की मी आधी गाऊन दाखवतो, आवाज चांगला नाही तरी गातो. पोरांना तारीख विसरत नाही मग.

आता जयंतीला डीजे असतो. मी डीजेच्या विरोधात नाही, तरुण पोरांचा उत्साह आहे, त्यांचाही दिवस आहे. पण बेसमध्ये शब्द ऐकू येत नाहीत, आणि आमच्या आईसारख्या बायकांपर्यंत सगळं शब्दांतूनच पोचलं होतं. म्हणून दोन वर्षं झाली, १३ च्या रात्री आम्ही पेटी-ढोलकीचा कार्यक्रम वेगळा ठेवतो. मागच्या वेळी दीडशे माणसं होती. आई पहिल्या रांगेत.

*

ह्याला संगीत म्हणायचं का म्हायत नाही पण लिहितो. मी इचलकरंजीचा, घराला लागूनच वडलांचे कापडाचे चार यंत्रमाग. रात्रपाळी असायची, भिंतीपलीकडं धोटा पळतोय खट्टाक खट्टाक आणि आम्ही तिघं भावंडं अलीकडं झोपायचो. चारी मागाची लय जराजरा वेगळी असती, एकदम सारखी नसतीच. त्यामुळं चौघांचे ठोके सुटत सुटत लांब जायचे, सगळा कालवा व्हायचा, आणि मग हळूहळू जवळ येत येत एकदम चारी एका ठोक्यावर. एकच मिनिट. परत सुटायचे. आम्ही पोरं अंथरुणात ती वाट बघत जागायचो आणि चारी जुळले की तिघं मिळून पांघरुणात "हां!" म्हणायचो.

वर तुम्ही समेचं लिहिलंय ते वाचून हे आठवलं. लाईट गेली की माग बंद पडायचे आणि आम्ही दचकून जागं व्हायचो, शांततेनं. मग अंधारात वडील मागाला टेकून विविध भारतीवर लागायची तसली जुनी गाणी गुणगुणायचे. माग चालू असताना त्यांचा आवाज कधी ऐकूच यायचा नाही, म्हणून लाईट गेल्यावरच कळलं की आपला बाप गातो. चांगला गायचा.

माग विकून झाली आता बारा वर्षं. वडीलबी नाहीत.

*

जरा उपयोगाची माहिती, कारण इथे बरेच जण आईवडलांबद्दल लिहितायत. माझे सासरे तबला शिकलेले, कार्यक्रम एकही सोडायचे नाहीत. सत्तरीनंतर ऐकू कमी यायला लागलं, मशीन घेतलं आणि त्यांनी गाणं ऐकणंच सोडलं. आम्हाला वाटलं वयामुळे मन उडालं. मग एकदा चिडून म्हणाले, या यंत्रातून तंबोरा पत्र्यासारखा वाजतो, त्यापेक्षा नको. चौकशी केल्यावर कळलं की कानाची मशीन मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून लावलेली असतात, ती मोठा आवाज दाबतात, बारीक उचलतात, सतत वाजणाऱ्या स्वराला गोंगाट समजतात, आणि गाण्याची सगळी चढउतार सपाट होते. बऱ्याच मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्राम टाकून घेता येतो. आधी जिथून मशीन घेतलं तिथे हे कुणी सांगितलंच नाही, तीन वर्षं फुकट गेली याचा मला फार राग आहे. दुसऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी अर्ध्या तासात करून दिलं.

अगदी पूर्वीसारखं नाही होत. पण नात पेटीवर बसली की ते पेटीच्या लाकडावर तळवा ठेवून बसतात, निम्मं कानाने निम्मं हाताने. परवा तिला म्हणाले, भाता घाईत मारतेस, स्वर थरथरतोय. आणि खरंच थरथरत होता.

*

माझी हुकलेली मैफल. मुंबईत पंधरा वर्षं राहिले, किशोरीताई आमोणकरांना ऐकायचं ऐकायचं म्हणत. तानपुरे मनासारखे लागल्याशिवाय त्या सुरू करत नाहीत, कितीही वेळ लागो, हे ऐकून माझी एक मैत्रीण म्हणायची की मला तर ते लावणंच ऐकायचंय. कधी मुलांची परीक्षा, कधी लोकल बंद, कधी नुसता कंटाळा. ३ एप्रिल २०१७ ला त्या गेल्या. ज्यांना कुणाला ऐकायचंय आणि ते माणूस अजून गातंय, त्यांनी या आठवड्यात तिकीट काढा. एवढंच.

*

वरचं वाचून लिहायला बसले. मला कोण घेऊन गेलं? माझी मुलगी, आणि तेही वयाच्या ५९ व्या वर्षी.

जानेवारी २०२५, कोल्डप्ले, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. तिकिटांच्या दिवशी घरात तीन मोबाईल आणि दोन लॅपटॉप उघडून बसलेले, वेटिंग नंबर लाखांत. तिला दोन मिळाली. मला वाटलं मैत्रिणीला नेईल, तर म्हणाली आई तू चल. मी म्हटलं अगं मला एक गाणं माहीत नाही. म्हणाली, मला तरी कुठे अभंग माहीत होते, तू नेत होतीस ना लहानपणी दिवाळी पहाटला साडेपाचला उठवून, आणि मी झोपायचे.

नेरूळ स्टेशनपासूनच माणसांची नदी. आत जाताना मनगटाला एक पांढरा पट्टा बांधला. मी विचारलं हे कशाला, म्हणाली थांब. अंधार पडला, गाणं सुरू झालं आणि माझ्या हातातला पट्टा आपोआप पेटला, लाल. मी दचकलेच. मान वर केली तर सगळं स्टेडियम लाल. मग पिवळं, मग निळं, लाटेसारखं एका बाजूकडून दुसरीकडे जायचं, आणि त्या लाटेतला एक थेंब माझ्या मनगटावर. शब्द मला दहातले दोन कळत होते. पण शेजारचा अनोळखी मुलगा रडत गात होता आणि त्याने मला विचारलं, आंटी पाणी पाहिजे का, आणि आपली बाटली दिली.

मुलगी स्टेजकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. ती सहावीत असताना मांडवात सतरंजीवर झोपलेली असायची, तशीच मी तिच्याकडे बघत असायचे. निघताना तो पट्टा परत द्यायचा होता, पेटीत टाकायचा. माझा टाकवेना. तिने हात धरून टाकायला लावला.

*

सगळ्यांचं वाचतोय, काही परत परत. काल संध्याकाळी बाबांना बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ८४ पूर्ण झालीत, आता मैदानात बसवत नाही. इचलकरंजीच्या मागांवर थांबवलं आणि म्हणाले परत वाच. परत वाचलं.

मग माझ्या लक्षात आलं की मी तुम्हा सगळ्यांना विचारलं पण त्यांना कधी विचारलंच नाही. म्हटलं, बाबा, तुम्हाला पहिल्यांदा कोण घेऊन गेलं होतं?

म्हणाले, कुणीच नाही. साठच्या दशकात नोकरीसाठी पुण्यात आले, तिकिटाला पैसे नव्हते. गाणं असलं की सायकल घेऊन बाहेर रस्त्यावर उभे राहायचे, भिंतीबाहेर भोंग्याचा आवाज यायचा. एकटे नाही, बरेच असायचे असे, शाली पांघरून, सायकलच्या सीटवर कोपर टेकून. अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी रात्री अकराच्या सुमाराला आतून एक बाई बाहेर आल्या, नऊवारी नेसलेल्या, सरळ बाबांपाशी आल्या आणि म्हणाल्या, आमचे हे आले नाहीत, त्यांची जागा रिकामी आहे, तुम्ही मागच्या वर्षी पण इथेच उभे होतात, चला आत.

बाबा सायकलला कुलूप न लावता आत गेले. सकाळी बाहेर आले तर सायकल तिथेच होती. त्या बाईंचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं, गाणं चालू होतं म्हणून.